डबा, डोके आणि हात

साहित्यिक वर्तुळात वावरताना आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचा सूर सौजन्याचा असतो, आशय मात्र तितकासा सौजन्याचा नसतो. ‘तुम्ही वाचणारी-लिहिणारी माणसे, सोल्डरिंगची कांडी आणि ॲल्युमिनियमचे पत्रे घेऊन काय करत बसता?’ आम्ही घरी ॲम्प्लिफायर बांधतो, त्याची पेटीही स्वतःच करतो, हे कळल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे समजूतदार स्मित उमटते, त्याला मराठीत एक शब्द आहे: छंद. या एका शब्दात आमची सारी खटपट नाण्यांच्या आणि काडेपेट्यांच्या संग्रहाशेजारी नेऊन ठेवली जाते. प्रस्तुत लेख त्या स्मिताविरुद्ध आहे; आणि थोडा आमच्याच जमातीविरुद्धही.

आमच्या बाजूने सहसा जी दोन समर्थने दिली जातात, ती आधी निकालात काढू. पहिले, घरी बांधलेला ॲम्प्लिफायर स्वस्त पडतो. हे खोटे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चार फेऱ्या मारणाऱ्यास ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि कॅबिनेट यांतच खिसा रिकामा होतो हे ठाऊक असते. शिवाय नामांकित जपानी छापाचे बनावट ट्रान्झिस्टर गळ्यात पडले, तर दोनदा रिकामा होतो. दुसरे समर्थन, घरच्या यंत्राचा आवाज अधिक चांगला असतो. हेही टिकणारे नाही. आज हाताच्या तळव्यावर मावणारे क्लास-डी जातीचे तयार बोर्ड अत्यल्प किमतीत मिळते, फारसे तापत नाही, आणि त्यातले चांगले बोर्ड मापनात आमच्या आठ किलोच्या धुडाला लाजवू शकते.

मग बांधायचे कशासाठी? आमचे उत्तर असे, की सर्किटचा आराखडा हीसुद्धा एक संहिता आहे, आणि जिचे चुकीचे वाचन खपत नाही अशा फार थोड्या संहिता आपल्याकडे उरल्या आहेत. विल्यमसन यांनी 1947 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी नियतकालिकात आपल्या ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. 1969 साली तेथेच लिन्स्ली हूड यांची दहा वॉटची क्लास-ए रचना आली. वाचक हा बांधणारा असणार, हे त्या लेखांचे गृहीतक होते. लेखकाने वाचकावर टाकलेला एवढा विश्वास आमच्या समीक्षेत आम्हांला क्वचितच आढळला आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. आठ ओहमच्या स्पीकरला पन्नास वॉट द्यायचे, तर वीस व्होल्ट लागतात. त्याचे शिखर अठ्ठावीस व्होल्टांचे. म्हणून 25-0-25 चा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि त्यातून दोन्ही बाजूंना सुमारे पस्तीस व्होल्ट मिळवावेत. येथवर परदेशी आराखडा आणि आपण यांत भेद नाही. भेद पुढे आहे. अशा क्लास-एबी रचनेत सर्वाधिक उष्णता पूर्ण आवाजाला निर्माण होत नाही. ती मधल्या पातळीला, प्रत्येक चॅनेलमागे सुमारे एकतीस वॉट, अशी होते. वॉटमागे एक अंश तापणारी हीटसिंक लावली, तर ती खोलीच्या तापमानाहून एकतीस अंश वर जाणार. आराखडा काढणाऱ्याच्या खोलीत पंचवीस अंश असतील, म्हणजे छप्पन्न झाले. नागपुरात मे महिन्यात पंचेचाळीस असतात, म्हणजे शहात्तर. आणि तेही पेटीचे झाकण लावण्यापूर्वी. ज्याने आराखडा केवळ उतरवून घेतला, त्याचे ट्रान्झिस्टर पहिल्याच उन्हाळ्यात जळतील. ज्याने तो वाचला, तो मोठी हीटसिंक घेईल, पाती उभी ठेवील, झाकणाला आणि तळाला भोके पाडील. परदेशी सिद्धान्त मराठी कवितेवर जसेच्या तसे लावणाऱ्या आमच्या मित्रांनी या पाच अंकांवर थोडा विचार करावा. त्यांच्या लेखातून धूर निघत नाही, हाच काय तो फरक.

आता आमच्या जमातीकडे वळू. आमच्यातल्या बहुसंख्यांची यंत्रे कधीच पुरी होत नाहीत. सर्किट बोर्ड मन लावून भरले जाते, मापने घेतली जातात, आणि मग ते सारे एका प्लायवुडच्या फळीवर वर्षानुवर्षे उघडे पडून राहते. पेटी? ती नंतर होईल. तो काय, पत्र्याचा डबा! या वाक्यात जे दडले आहे, ते साहित्यिकांच्या स्मिताहून निराळे नाही. सर्किट म्हणजे डोके, आणि पेटी म्हणजे लोहारकाम. कानस मारणे, आटे पाडणे, भोक चौकोनी करणे ही कामे ‘कोणाकडून तरी करून घ्यायची’.

या वृत्तीची किंमत काय असते, हे आम्ही स्वतःच्या घरात पाहिले आहे. आमचे एक यंत्र पावडर कोटिंग केलेल्या सुरेख कॅबिनेटमध्ये होते. मागच्या बाजूला मेन्सच्या वायरीसाठी भोक आम्हीच पाडले. कड कानसली नाही, रबरी ग्रोमेट बसवले नाही. अर्थिंगचा बोल्ट रंग न खरवडता तसाच आवळला. रंग वीज वाहू देत नाही, हे आम्हांला पुस्तकातून ठाऊक होते. काही महिन्यांत धारदार कडेने वायरीचे आवरण कापले गेले. एके सकाळी घरकाम करणाऱ्या मावशी ओल्या फडक्याने डबा पुसत होत्या. त्यांचा हात मागच्या उघड्या स्क्रूला लागला. झटक्याने हात फेकला गेला, म्हणून त्या बचावल्या. ‘तुमच्या डब्याला करंट येतोय,’ एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही हलके मानलेल्या कामाची शिक्षा हाताने काम करणाऱ्या बाईला झाली. हा योगायोग आहे असे आम्हांला आजही वाटत नाही.

जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 सालीच मांडले होते. त्यावर परिसंवाद करणारे आपण, हाताने करायची कामे मात्र आजही त्याच उतरंडीत मोजतो. याउलट आपली परंपरा पाहावी. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार ही नावे व्यवसायासकट स्मरली जातात. अगदी अलीकडचे पाहायचे, तर 1920 साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ ही नांगर घडवणाऱ्या कारखान्याची पत्रिका. तिच्यातूनच मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. कारखाना आणि मासिक एका अंगणात नांदू शकत होते.

कोणी म्हणेल, की हे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान आहे. लग्नाच्या बँडसाठी ॲम्प्लिफायर बनवून पोट भरणाऱ्या कारागिराला तुमच्या संहितेशी काय कर्तव्य? आक्षेप अर्धा खरा आहे. आम्हांला चूक परवडते, त्याला ती परवडत नाही. पण म्हणूनच तो नवे यंत्र थेट मेन्सला न जोडता आधी सिरीज दिव्यातून जोडतो. दिवा भडक पेटला की आत शॉर्ट आहे हे त्याला पंचांगाविना कळते. टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट तळ आणि झाकण या दोहोंना टेकला, तर पेटीच एक बंद वेटोळे होऊन ट्रान्सफॉर्मर जळतो, हेही आम्ही अशाच एका दुकानाच्या फळीवर शिकलो. हे ज्ञान आहे. त्याला ‘कसब’ म्हणून खालच्या पाटावर बसवणे आता तरी थांबावे.

शेवटी कानाविषयी. महागड्या यंत्रांचे भक्त ‘उबदार’, ‘रेशमी’ अशी विशेषणे उधळतात, आणि आमची संगीतसमीक्षाही त्याच गोदामातून माल उचलते. आमच्या मते एकच परीक्षा पुरे. पांढरी एकच्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम सुमारे 98 हर्ट्झवर असतो, आणि सदोष यंत्रातली विजेची घुमघुम 100 हर्ट्झवर. दोन्ही एकत्र वाजले, की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. लागलेला तंबोरा उतरल्यासारखा भासतो. त्यावर विशेषण हा उपाय नाही. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून दूर न्यावा लागतो, ग्राउंडच्या साऱ्या तारा एका बिंदूवर आणाव्या लागतात. म्हणजे पुन्हा पेटी उघडावी लागते, आणि बहुधा नवी भोके पाडावी लागतात.

आम्ही ती पाडतो. त्या यंत्रातला बोल्ट आम्ही रंग खरवडून पुन्हा आवळला, आणि तेव्हापासून कोणतेही सर्किट भरण्याआधी पेटी करतो. ज्यांना याला छंदच म्हणायचे असेल, त्यांनी खुशाल म्हणावे; मात्र त्याआधी आपल्या लेखनाचे झाकण उघडून अर्थिंग जोडलेले आहे का, तेवढे पाहून घ्यावे.