आर्वीची तबकडी आणि बंद पडलेले इंटरनेट

नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली उपग्रह भू-केंद्र सुरू झाले आणि भारताचे उपग्रहामार्फत परदेशांशी बोलणे तिथून सुरू झाले, हे आमच्याकडच्या तरुण मंडळींना सांगितले की त्यांना ती मास्तरांची थाप वाटते. पण ते खरे आहे. तेव्हा ते केंद्र सरकारी खात्याचे होते. १९८६ मध्ये विदेश संचार निगम स्थापन झाला, केंद्र त्याच्याकडे गेले. याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे २००२ मध्ये सरकारने निगमाचा कारभार टाटांकडे दिला.

त्या काळात दोन प्रकारची माणसे भेटत. एक म्हणत, खासगी झाले म्हणजे सरकारी जोखडातून सुटका. दुसरे म्हणत, देशाची मालमत्ता विकली, आता शेठजी आपल्याला गप्प बसवतील. माझ्या मते दोघेही चुकले. मालक बदलला, पण बंद करण्याची कळ सरकारकडेच राहिली. फरक एवढाच, की पूर्वी सरकारला आपल्याच खात्याला सांगावे लागे, आता तीन खासगी कंपन्या आणि एक सरकारी, अशा चौघांना पत्र पाठवावे लागते. या कंपन्या सरकारच्या परवान्यावर जगतात. लहरी सरकारच्या, लिलाव सरकारचा, थकबाकीची सवलत सरकारची. अशी कंपनी गिऱ्हाइकासाठी सरकारशी भांडेल, अशी आशा कोणी धरावी? जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तिथल्या मोजक्या कंपन्यांनी एका रात्रीत देशाचे इंटरनेट जवळपास पूर्ण बंद केले. मालक थोडे असले की काम सोपे होते.

इजिप्त लांब राहिले. ९ ऑगस्ट २०१८ चा महाराष्ट्र बंद आठवा. मराठा आरक्षणासाठीचा. आधी ३० जुलैला चाकणला जाळपोळ झाली होती. म्हणून बंदच्या दिवशी पुणे जिल्ह्यात सात तालुक्यांतले इंटरनेट बंद केले : शिरूर, खेड, बारामती, जुन्नर, मावळ, दौंड आणि भोर. आमचे आंबेगाव त्यात नव्हते. माझी धाकटी बहीण ओतूरला दिली आहे, म्हणजे जुन्नर तालुक्यात. मी घोडेगावात. साधा फोन लागत होता. ती म्हणाली, "दादा, आमच्या तालुक्यात काय चाललंय ते आता तूच सांग." आहे की नाही गंमत? ज्याच्या गावात काही घडण्याची शक्यता आहे त्यालाच अंधारात ठेवायचे, आणि शेजारच्याने टीव्ही बघून त्याला कळवायचे!

यावर ठरलेले उत्तर मिळते, "सर, अफवा थांबतात ना!" मला २१ सप्टेंबर १९९५ आठवतो. गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली. इंटरनेट सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि आमच्या तालुक्यात ते कोणी पाहिलेही नव्हते. अफवेला तार लागत नाही. तिचे खंडन करायला मात्र लागते. राजस्थानने तर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून जिल्हेच्या जिल्हे बंद केले. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या. कॉपी पकडायला पर्यवेक्षक लागतो. आख्खा जिल्हा बंद ठेवावा लागत असेल तर पर्यवेक्षक झोपलेला आहे असे समजावे.

कायद्याकडे बघा. २०१८ मधला आदेश ज्या कायद्याच्या आधाराने निघे तो १८८५ चा, इंग्रजांचा तार कायदा. २०१७ मध्ये त्याखाली नियम केले. १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे आणि बेमुदत बंदी चालणार नाही. मग २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, २०२४ मध्ये नवे नियम आले. पण आदेश गृहसचिवांचा, आणि तो तपासणारी राज्याची समिती मुख्य सचिवांची. म्हणजे उत्तरपत्रिका लिहिणारा आणि तपासणारा एकाच वर्गातले! समितीने पाच दिवसांत बसायचे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर इथे बंदी होती दहा तासांची. समिती चहा मागवेपर्यंत सगळे आटोपलेले असते.

आणि आमच्या पश्चिम भागात, आहुप्याकडे, भीमाशंकरच्या डोंगरात, आदेशाविनाच बंदी असते. तिथे टॉवर परवडत नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेवर माणसे गेली. जगाला ते कळले एका एसटीच्या चालकामुळे. त्याला रस्त्यालगत गावच दिसेना. पावसाळ्यातला बंद आणि पावसाळ्यातली दरड यांच्या तारखा एका दिवशी येऊ शकतात, हे मंत्रालयात कोणी ध्यानात घेते का?

आता उपग्रहावरून थेट छपरावर इंटरनेट देणाऱ्या अमेरिकन कंपनीला २०२५ मध्ये आपल्याकडे परवाना मिळाला. काही जणांना वाटते, आता कोणी बंद करू शकणार नाही. परवाना कोणी दिला, हे त्यांनी जरा वाचावे. शिवाय त्या कंपनीचा प्रमुख मालक परदेशात बसून काय ठरवेल, ही वेगळी भीती.

माझी मागणी छोटी आहे. इंटरनेट बंद करायचे तर आदेश मराठीत, कारणासह, त्याच दिवशी तहसील कचेरीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, आणि तपासणाऱ्या समितीत एक तरी न्यायाधीश असावा. तालुक्याच्या ग्रामसभांनी तसा ठराव करावा. ठरावाचा मसुदा मी लिहून देईन. अजून हात थरथरत नाही.