घराला नंबर नाही म्हणून मत नाही?

'नियम सर्वांना सारखाच आहे.' हे वाक्य कानावर आले की आम्ही आधी विचारतो, तो नियम लिहिताना कुणाचे घर डोळ्यांसमोर होते?

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा हे शेतीचे, खेड्यापाड्यांचे आणि रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले राज्य. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. प्रतिनिधीगृहात त्याची एकच जागा, सिनेटमध्ये इतर राज्यांप्रमाणे दोन. मतदार नोंदणीच नसलेले ते अमेरिकेतील एकमेव राज्य. पूर्वी ओळखपत्र नसले तरी प्रतिज्ञापत्रावर सही करून किंवा केंद्रावरच्या कर्मचाऱ्याच्या ओळखीवर मत देता येई. 2012 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हायडी हाइटकॅम्प तीन हजारांहून कमी मतांनी सिनेटवर गेल्या. या विजयात आदिवासी मतांचा वाटा मोठा मानला गेला. 2013 मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने ही सोय बंद केली. ओळखपत्र सक्तीचे झाले आणि त्यावर राहत्या घराचा पत्ता हवा. पोस्ट बॉक्स चालणार नाही.

आता स्टँडिंग रॉक किंवा टर्टल माउंटनच्या रिझर्व्हेशनवर जा. (हे आपले आरक्षण नव्हे. सगळा मुलूख घेऊन झाल्यावर आदिवासींसाठी शिल्लक ठेवलेली ती जमीन.) तिथल्या अनेक रस्त्यांना नाव नाही, घरांना क्रमांक नाही. पत्रे पोस्ट बॉक्सवरच येतात. सरकारने रस्त्याला नाव दिले नाही आणि त्याची शिक्षा मतदाराला! कायद्यात 'आदिवासींना मत नाही' असे कुठेही लिहिलेले नाही. त्याची गरजच नव्हती. पात्र असूनही असे ओळखपत्र नसलेले सुमारे पाच हजार आदिवासी मतदार होते, हे जिल्हा न्यायालयासमोर आले. न्यायाधीशांनी कायद्याला स्थगिती दिली, वरच्या न्यायालयाने ती उठवली आणि 9 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. मतदान होते 6 नोव्हेंबरला.

त्या चार आठवड्यांत आदिवासी सरकारे रडत बसली नाहीत. त्यांनी घरांना पत्ते मिळवले आणि स्वतःच्या अधिकारात ओळखपत्रे छापून फुकट वाटली. टर्टल माउंटनला तर छपाईचे यंत्र तापून बंद पडले. आदिवासी भागांत मतदान वाढले.

हाइटकॅम्प तरीही हरल्या, सुमारे 35 हजार मतांनी. इथे आमचा वाद अमेरिकेतल्या आणि इथल्याही पुरोगाम्यांशी आहे. 'आदिवासींची मते अडवली म्हणून जागा गेली' असे म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा. पाच हजार मतांनी 35 हजारांची दरी भरत नाही. आणि हे विधान अपमानकारकही आहे. डेमोक्रॅटिक पक्षाची जागा वाचली तरच आदिवासीच्या मताला किंमत, असा त्याचा अर्थ होतो. बाबासाहेबांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला, तो कुणाची जागा वाचवण्यासाठी नव्हे. राजकारणात भाग घेणे हेच शिक्षण आहे, अशी त्यांची भूमिका होती.

आपल्यातले काही कार्यकर्तेही 'आपला माणूस निवडून येणार आहे का?' एवढेच विचारून मतदार यादीचे काम टाळतात. त्यांच्यासाठी त्याच निवडणुकीतली एक गोष्ट. हा कायदा मांडण्यात पुढे असलेले आमदार रँडी बोहनिंग फार्गो शहरातून पडले. त्यांना पाडणाऱ्या रूथ बफेलो या आदिवासी समाजाच्या! 2020 मध्ये राज्याने आदिवासींशी तडजोड केली. आदिवासी सरकारांची ओळखपत्रे मान्य झाली आणि पत्ता नसलेल्याला नकाशावर आपले घर दाखवण्याची मुभा मिळाली. सिनेटची जागा मोजणाऱ्यांच्या हिशोबात यातले काहीच येत नाही.

आपल्याकडे निवडणूक आयोगाचा नियम निदान कागदावर बरा आहे. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसला तरी बीएलओने रात्री जाऊन तो तिथेच झोपतो का हे पाहायचे आणि नाव घ्यायचे. पारधी वस्तीवर, पुलाखालच्या पालांवर, वीटभट्टीवर असा बीएलओ रात्री किती वेळा येतो? तो येत नसेल, तर त्याला सोबत घेऊन जायला तुमच्या तालुक्यातून कोण निघणार आहे?