पहिल्या रांगेत आम्ही, यादीत कोण?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची सभा होती. समाजमंदिरात पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. मी टेबलामागे, म्हणजे संघटनेच्या माणसांत. पात्र झोपडीधारकांची यादी वाचली जात होती. पंचवीस-तीस नावं झाली, तेव्हा भाजी विकणाऱ्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "तोडायला गाडी आली तेव्हा जेसीबीपुढं जे बसले होते, त्यातलं एकबी नाव अजून आलं नाही. मग त्या दिवशी बसलं होतं ते कोण, भुतं?"

सगळे हसले. मीही हसले. आणि उत्तरही मीच दिलं, "मावशी, आधी घर तर मिळू दे. नावाचं नंतर बघू."

ते वाक्य मला आज जाहीरपणे मागं घ्यायचं आहे. त्यासाठीच हा लेख.

पुढं काय झालं ते सांगते. झोपड्या रिकाम्या करून घेतल्या गेल्या. इमारत होईपर्यंतच्या भाड्याचे धनादेश निघाले, ते यादीतल्या नावानं. मावशींच्या नवऱ्यानं धनादेश वटवला आणि तो दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला. मावशी समितीकडे गेल्या. समिती म्हणाली, "रेकॉर्डला त्यांचं नाव आहे. घरगुती भानगडीत आम्ही पडत नाही." बिल्डरच्या ऑफिसात त्यांना दारातूनच परत पाठवलं. पोलीस चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. सव्वीस वर्षं जी झोपडी त्यांनी भाजीच्या पैशातून पत्र्याची विटांची केली, ती आता जमिनीवर नव्हती, आणि कागदावर ती कधी त्यांची नव्हतीच. आज मावशी कळव्याला बहिणीच्या पोटमाळ्यावर राहतात आणि पहाटेची लोकल पकडून जुन्याच जागी भाजी लावायला येतात.

मैत्रिणींनो, हे एकट्या मावशींचं दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही. आपण ज्या पद्धतीनं निवाऱ्याचा लढा लढतो, त्या पद्धतीतच हे बसलेलं आहे.

लढा बायकांचा, मालमत्ता पुरुषांची

या शहरातला निवाऱ्याचा इतिहास बायकांना वगळून सांगताच येत नाही. गोरेगावात मृणालताई गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या त्या हंडे घेऊन आलेल्या बायकांच्या बळावर. १९८१ च्या भर पावसाळ्यात सरकारनं पदपथावरच्या लोकांना उचलून शहराबाहेर घालवायला सुरुवात केली, तेव्हा फुटलेल्या चुली पुन्हा मांडल्या त्या बायकांनीच. त्या कारवाईविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. नोटीस देऊन हटवायला मोकळीक ठेवली. भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी १९८६ पासून महिला मिलनमधून बचत केली, आपल्या घराचे नकाशे स्वतः मांडले. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या, तेव्हा आझाद मैदानावर पोरं कडेवर घेऊन कोण बसलं होतं? तानसा जलवाहिनीजवळून उठवून माहुलच्या प्रदूषणात नेऊन टाकलेल्यांनी विद्याविहारला रस्त्यावर धरणं धरलं, त्यात बायका पुढं होत्या. त्या लढ्यामुळेच २०१९ साली उच्च न्यायालयानं सांगितलं की लोकांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरी जागा देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडं द्या.

मोर्चात बायका पुढं ठेवायच्या हे आम्हा संघटकांचं ठरलेलं तंत्र आहे. पोलीस बायकांवर लाठी उगारायला कचरतात, फोटो चांगला येतो, आणि बायका दुपारी वस्तीत असतात. आम्ही हे सहज बोलून दाखवतो. मोर्चा संपला की मात्र वाटाघाटीला पाचजण जातात आणि ते पाचही पुरुष असतात. समितीवर दोन बायका घेतल्या जातात, त्या सहीपुरत्या. सभा ठेवायची रात्री साडेनऊला, आणि मग म्हणायचं, बायका येत नाहीत!

नियम आहे, अंमल नाही

सर्वांत संताप येतो तो याचा की या बाबतीत नियम बाईच्या बाजूनं आहे. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. या योजनेच्या विकास नियंत्रण नियमावलीतच लिहिलं आहे की नवीन घर झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार यांच्या संयुक्त मालकीचं राहील आणि सोसायटीच्या दप्तरात, भाग दाखल्यावरही तशीच नोंद होईल. ही भीक नव्हे, नियम आहे. तुमच्या ओळखीच्या किती बायकांनी आपल्या घराचा भाग दाखला डोळ्यांनी पाहिला आहे? माझ्या कामाच्या भागात हा प्रश्न मी दारोदार विचारला. बहुतेकींचं उत्तर एकच, "कागद त्यांच्याकडं असतात."

आणि खरी मेख शेवटच्या कागदात नाही, पहिल्या कागदात आहे. वस्तीची मोजणी होते तेव्हा घरातल्या 'प्रमुखाचं' नाव लिहिलं जातं. मोजणीवाला दुपारी येतो. बाई धुण्याभांड्याच्या कामावर असते. शेजारी जे नाव सांगतो ते चढतं. त्यातून परिशिष्ट-२ म्हणजे पात्रतेची यादी होते. संमतीपत्र, करारनामा, भाड्याचा धनादेश, चावी, सगळं त्या एका नावामागे जातं. संयुक्त मालकीचा नियम जागा होतो तो अगदी शेवटी, घर ताब्यात देताना. मधल्या चार-पाच किंवा दहा वर्षांत बाईचं काय?

शिवाय 'जोडीदार' म्हणजे कोण, हे नवऱ्यानं सांगायचं. टाकलेली बाई कुठल्या रकान्यात बसते? विधवा सून? लग्नाचा कागद नसलेली दुसरी? १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा दाखवा, म्हणजे घर मोफत. त्यानंतर २०११ पर्यंतचा असेल तर अडीच लाख भरा. पुरावा कशाचा? मतदार यादी, रेशन कार्ड, विजेचं बिल. जिचं नाव आधी माहेरच्या रेशन कार्डावर होतं, मग सासरच्या, आणि नवऱ्यानं टाकल्यावर कुठंच नाही, तिनं पुरावा कुठून आणायचा? एकटी बाई बहुतेकदा दुसऱ्याच्या माळ्यावर भाड्यानं राहते. भाडेकरूचं तर नावच निघत नाही. तोडताना तिचीही भांडी बाहेर फेकली जातात, देताना ती कोणाला दिसत नाही.

तीन नेहमीच्या सबबी

कार्यकर्त्यांत हा विषय काढला की तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, "यानं वस्तीची एकजूट फुटेल." एकजूट कोणाची? अर्ध्या वस्तीनं गप्प बसावं ही जिची अट आहे, ती एकजूट आधीच फुटलेली आहे. फक्त तिचा आवाज अजून बाहेर आलेला नाही. बिल्डर वस्ती फोडतो ती एकेकट्या पुरुषाला गाठून, रात्रीच्या पार्टीत, हातात रोकड ठेवून. जिथं दोघांच्या सह्या लागतात तिथं हे तितकं सोपं राहत नाही. बाईची सही ही वस्तीची जास्तीची कडी आहे.

दुसरं, "नवरे ऐकणार नाहीत." ग्रामीण महाराष्ट्रात १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. त्या संघटनेच्या अर्थकारणाशी माझे मतभेद आहेत. पण जमिनीसाठी भाऊ भावाच्या जिवावर उठतो त्या समाजात हे होऊ शकलं, कारण संघटनेनं तो आपला कार्यक्रम मानला. आम्ही वस्तीत कधी मागितलंच नाही, मग नवरे ऐकणार नाहीत हे आम्हाला कळलं कसं?

तिसरं, "बाईच्या नावावर केलं तरी सही करून नवराच विकेल." होईल, काही ठिकाणी होईल. मारहाण करून अंगठा घेतील. पण म्हणून अंगठ्याची गरजच ठेवू नये? बाईला मतदानाचा हक्क दिला तर ती नवरा सांगेल तिथंच मत देईल, असंही एकेकाळी म्हणत होते.

आणि आपण, स्त्री संघटना?

बोट फक्त वस्तीच्या पुढाऱ्यांकडे दाखवून आपली सुटका नाही. आपली सल्ला केंद्रं वर्षानुवर्षं चालू आहेत. मार खाऊन आलेल्या बाईला आपण विचारतो, "तुला काय हवं?" ती म्हणते, "जाऊ कुठं?" या दोन शब्दांपाशी आपलं समुपदेशन संपतं. तरीही निवारा हा 'वस्तीवाल्या संघटनांचा' विषय आणि हिंसा हा आपला, अशी वाटणी आपण करून घेतली. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात मलाही हे दोन वेगळे पेपर म्हणूनच शिकवले गेले. मावशींच्या आयुष्यात तो एकच पेपर होता.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, घर कोणाच्याही नावावर असो. २००६ च्या एका निकालानं तो आखडला होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो अर्थ चुकीचा ठरवला आणि सासऱ्यांच्या नावच्या घरातही तिचा राहण्याचा हक्क असू शकतो, असं म्हटलं. पण हे राहतं घरच कायदेशीरपणे पाडलं गेलं तर? तेव्हा घर म्हणजे यादीतली एक ओळ असते. ती ओळ वाचवायची वेळ पाडण्याच्या आधीची आहे. याच कायद्याच्या कलम १९ खाली नवऱ्याला घरावरचा हक्क सोडायला किंवा विकायला मनाई करता येते, भाडं द्यायला लावता येतं. आमच्या केंद्रात आता पुनर्विकासाच्या वस्तीतून बाई आली की पहिल्याच भेटीत आम्ही विचारतो, तुमची यादी लागली का? नसेल तर तिचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात प्राधिकरणाकडे जातो.

मिळणाऱ्या घराबद्दलही आपण बोललं पाहिजे. २२५ चौरस फुटांचे २६९ झाले, २०१८ नंतर ३०० झाले. पण ओटा गेला, अंगण गेलं. पापड वाळवायचे कुठं, सातव्या मजल्यावर हातगाडी न्यायची कशी, बंद लिफ्टमध्ये बाळंतीण चढायची कशी, हे नकाशा करणाऱ्याला कोणी विचारलं? इमारती इतक्या खेटून बांधल्या की गोवंडी-मानखुर्दच्या काही वसाहतींत खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि तिथं क्षयरोग जास्त असल्याचं अभ्यासातून दिसलं आहे. त्या अंधारात दिवसाचे अठरा तास कोण काढतं?

म्हणून मी माझ्या सहकाऱ्यांपुढं आणि तुमच्यापुढं ठेवते ते एवढंच :

१. मोजणीच्या पहिल्या कागदापासून दोघांची नावं. एकटी असेल तर तिचं एकटीचं.

२. संमतीपत्रावर दोघांच्या सह्या. एकाच सहीचं पत्र अपुरं धरावं.

३. भाड्याची रक्कम संयुक्त खात्यात. नवरा सोडून गेला असेल तर चौकशीअंती बाईच्या खात्यात.

४. टाकलेल्या, विधवा आणि भाडेकरू बायकांसाठी शेजाऱ्यांची साक्ष, अंगणवाडीचं, शाळेचं दप्तर हा पुरावा मानावा.

५. आपल्या संघटनांच्या वाटाघाटीत निम्म्या बायका. सभा त्यांच्या वेळेला.

यातल्या चार मागण्या सरकारकडे आहेत. पाचवीला कोणाची परवानगी लागत नाही. ती उद्याच्या सभेपासून होऊ शकते.

गेल्या महिन्यात मावशींना भेटले. सोसायटीच्या नोंदीत त्यांचं नाव घालावं म्हणून आम्ही अर्ज केला आहे, त्याची तारीख सांगायला गेले होते. माफी मागायची होती, पण शब्द फुटेना. त्यांनी मेथीच्या जुड्या बांधता बांधता विचारलं, "ताई, पलीकडच्या वस्तीत मोजणी सुरू झाली म्हणे. तिथल्या बायकांना सांगितलंत का?"

सांगायला सुरुवात केली आहे, मावशी. या वेळी नावापासून.