स्कॅन म्हणजे बॅकअप नव्हे

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने आपलं हर्बेरियम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कागदावर चिकटवलेले, दाबून वाळवलेले सव्वाआठ लाख नमुने, १९२१ पासून जमवलेले. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ही बातमी सांगा, उत्तर ठरलेलं: "स्कॅन करून टाका की राव, जागा कशाला अडवायची?"

मला हे अजिबात पटत नाही.

मीड्स मिल्कवीड हे प्रेअरीतलं रानफूल घ्या. आपण मारुतीला वाहतो त्या रुईच्या कुळातलं, पान तोडलं की तसाच पांढरा चीक. शेंड्याला हिरवट फुलांचा एकच झुबका, तोही मान खाली घालून. नाव पडलं सॅम्युअल मीडवरून. हा एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर, इलिनॉयमधल्या ऑगस्टा गावचा, पेशंट सांभाळून झाडं गोळा करायचा. त्याच इलिनॉयमध्ये १८३७ साली जॉन डिअरने पोलादी नांगर बनवला आणि पुढे सगळं चित्रच पालटलं. सुमारे सव्वादोन कोटी एकर प्रेअरीपैकी आज चांगल्या अवस्थेत उरली आहे ती जेमतेम अडीच हजार एकरांच्या आसपास. हे फूल १९८८ पासून सरकारच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे.

गंमत बघा, जिथे नांगर फिरला नाही तिथेही गवत कापतात, शेंगा पिकायच्या आधीच. झाड मुळांवर जगतं, पण बी धरत नाही. शिवाय स्वतःच्या परागांनी त्याला बी होत नाही, दुसरं झाड लागतंच. कुरणात वीस दांडे दिसले तरी ती वीस झाडं की एकाच मुळाचे फुटवे, हे डोळ्यांना कळत नाही. फोटोलाही नाही. डीएनए सांगतो. आणि नांगराआधीच्या झाडांचा डीएनए असलाच तर त्या जुन्या वाळक्या पानांत. (मीडला डीएनए हा शब्दही माहीत नव्हता!)

दुसरं उदाहरण केंब्रिजचं. १९८७ साली वुडवर्ड या शास्त्रज्ञाने हर्बेरियममधल्या जुन्या पानांवरची रंध्रं मोजली. दोनशे वर्षांत त्यांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तशी. पानं गोळा करणाऱ्यांच्या डोक्यात हा प्रश्न असणं शक्यच नव्हतं.

स्कॅन वाईट नाहीत हो. घरबसल्या लेबल वाचता येतं, फुलायच्या तारखा जुळवता येतात. पण सोर्स कोड उडवून स्क्रीनशॉट ठेवला तर त्याला आपण बॅकअप म्हणतो का?

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. कपाटं, कीड, आर्द्रता, पगार, हे सगळं कुणीतरी भरायला हवं, आणि एकट्या विद्यापीठावर टाकणं मलाही बरोबर वाटत नाही.

आणि हो, एकाच फुलाचे दहा-दहा नमुने कशाला, असंही विचारतात. डीएनए काढायचा तर पानाचा तुकडा कापावा लागतो. तेवढं पान संपतं.