शेतातील खापरांचा पत्ता

दक्षिण व पूर्व इंग्लंडमध्ये नांगरट झालेल्या शेतावर हिवाळी पाऊस पडून गेला, की ढेकळांमधून कधीकधी एखादा तांबडा, तुळतुळीत तुकडा उघडा पडतो. ब्रिटनवर इ.स. ४३ पासून सुमारे ४१० पर्यंत रोमनांचा अंमल होता. त्या काळातील ताटवाट्यांचे हे अवशेष.

या तांबड्या भांड्यांना ‘सॅमियन’ म्हणतात. ती बहुतांशी आजच्या फ्रान्समधून येत. तेथील ला ग्रोफसांक या कुंभारवस्तीत काही तबकड्यांवर चक्क भट्टीचा हिशेब कोरलेला आढळला आहे: कोणत्या कुंभाराची, कोणत्या प्रकारची, किती भांडी रचली. एका भट्टीत ती तीस हजारांच्या घरात जात. एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही खतावणी पाहून कोणत्याही हिशेबनिसाने मान डोलवावी! अनेक भांड्यांच्या तळाशी कुंभाराच्या नावाचा ठसा असे, त्यामुळे तुकड्याचा काळ काही दशकांच्या अंतराने सांगता येतो.

मग हे तुकडे रानात कसे पोहोचले? प्रत्येक खापराखाली घर दडलेले नसते. फुटके भांडे उकिरड्यावर पडे आणि शेणखताबरोबर गाडीतून शेतात जाई. म्हणून विरळ, सर्वत्र सारखे विखुरलेले तुकडे जुन्या लागवडीची खूण मानतात. दाट पुंजका आणि सोबत कौलांचे तुकडे असतील, तर तेथे वस्ती असण्याचा संभव अधिक.

हा भेद केवळ जागेवरून कळतो. यासाठी अभ्यासक शेतात समांतर रेषा आखून चालतात आणि वेचलेल्या तुकड्यांच्या पिशवीवर रेषेचा क्रमांक लिहितात. हौसेने उचलून खिशात घातलेला तुकडा मात्र नोंदीविना पडलेल्या पावतीसारखा: रक्कम दिसते, खाते कोणाचे ते कळत नाही.

दुर्दैवाने कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. १९९६ च्या निखात निधीच्या कायद्यात साधी खापरे येत नाहीत. कायद्यात बसणाऱ्या निधीसोबत सापडली तरच येतात. दरम्यान खोल नांगरटीने जमिनीखालचे थर दरवर्षी थोडेथोडे विस्कटतात. इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ पासून ऐच्छिक नोंदणीची योजना आहे. तेथील अधिकारी तुकडा पाहतात, नेमकी जागा नकाशावर टिपतात आणि वस्तू सापडवणाऱ्यास परत करतात.