काँक्रीट कार्बन शोषतं, ही बातमी चांगली की वाईट?

स्ट्रक्चरल ऑडिटचा माणूस सोसायटीत येतो, पिलरचा एक कोपरा फोडतो आणि ताज्या काँक्रीटवर बाटलीतलं पाण्यासारखं द्रावण फवारतो. काँक्रीट गडद गुलाबी झालं तर ठीक. रंगच आला नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरीचा चेहरा उतरतो. ते द्रावण म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन. रंग न येण्याचा अर्थ एवढाच, की हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथपर्यंत आत शिरला आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक असल्याने हे दृश्य अनेकांनी पाहिलेलं असेल.

याच कार्बन शोषण्याच्या गुणाची सध्या पर्यावरणपूरक म्हणून वाहवा होते आहे. मग खरं काय?

आधी कार्बन बाहेर कसा पडतो?

सिमेंटचा कच्चा माल म्हणजे चुनखडी. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोमधून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी कोळशाऐवजी सौर ऊर्जेवर चालवली तरी हा वायू निघणारच, कारण तो इंधनातून नाही, दगडातून येतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात याचाच वाटा निम्म्याहून जास्त असतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंट उद्योगातून येतो आणि सिमेंट उत्पादनात भारत चीनखालोखाल दुसरा आहे.

म्हणूनच केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्सर्जन तीव्रतेची लक्ष्यं अधिसूचित केली, तेव्हा यादीतल्या २८२ कारखान्यांपैकी १८६ सिमेंटचे होते. लक्ष्य चुकलं तर कार्बन क्रेडिट विकत घ्यावं लागेल. थोडक्यात, कमी कार्बनचं सिमेंट आता कारखान्याच्या ताळेबंदातही दिसणार आहे.

मग तोच कार्बन परत आत कसा येतो?

काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यात चुन्याचा अंश उरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड सूक्ष्म छिद्रांतून आत जातो, या चुन्याशी जुळतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. म्हणजे दगड पुन्हा दगड होतो. २०१६ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १९३० ते २०१३ या काळात दगडातून निघालेल्या कार्बनपैकी सुमारे ४३ टक्के अशा प्रकारे परत शोषला गेला. इंधनाचा धूर मात्र या हिशेबात नाही, हे सोशल मीडियावर हा आकडा फिरवताना सहसा गाळलं जातं.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटला याचा तसा तोटा नाही, उलट पृष्ठभाग थोडा टणक होतो. अडचण सळईची आहे. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि त्या क्षारतेमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. कार्बन शिरला की पीएच नऊच्या खाली येतो आणि हे कवच जातं. पुढचं काम पाणी आणि ऑक्सिजन करतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असतं. आतून दाब येतो, काँक्रीट तडकतं, छज्जाचे तुकडे खाली पडतात.

कार्बन सर्वांत वेगाने शिरतो तो मध्यम दमट हवेत. काँक्रीट पूर्ण भिजलेलं असेल तर वायूला वाट मिळत नाही. सळई मात्र ओलाव्याशिवाय गंजत नाही. मुंबई-कोकणात दोन्हींची पाळी लागते: पाऊस नसलेल्या महिन्यांत कार्बन आत सरकतो, पावसाळ्यात गंज धरतो. त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड वेगळंच.

कारखान्यातच कार्बन भरला तर?

कॅनडातल्या हॅलिफॅक्सची कार्बनक्युअर कंपनी ओल्या काँक्रीटमध्येच कार्बन डायऑक्साइड सोडते. त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, ताकद थोडी वाढते, म्हणून सिमेंट थोडं कमी लागतं. एका घनमीटरमध्ये साठवला जाणारा वायू साधारण किलोभरच किंवा त्याहूनही कमी. खरी बचत वाचलेल्या सिमेंटची आहे, 'हवेतला कार्बन गाडला' याची नाही. एवढ्या थोड्या वायूने सळईच्या क्षारतेला धोकाही होत नाही.

कमी क्लिंकरचं सिमेंट टिकेल का?

मोठी बचत दुसरीकडे आहे. भट्टीतून निघणाऱ्या गोळ्यांना क्लिंकर म्हणतात. तो कमी करून त्याजागी औष्णिक वीज केंद्राची राख (पीपीसीमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत) किंवा पोलाद कारखान्याची मळी घालतात. राखेत न जळलेला कोळसा फार नसावा, नाहीतर तो रसायनं शोषून मिश्रण बिघडवतो, म्हणून भारतीय मानकात मर्यादा आहे. आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेच्या संशोधकांनी पुढे आणलेल्या एलसी-३ प्रकारात भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी वापरून क्लिंकर जवळपास निम्म्यावर येतो. २०२३ मध्ये त्यासाठी भारतीय मानकही आलं.

पण क्लिंकर कमी म्हणजे आत चुनाही कमी, आणि कार्बनला अडवणारा साठाही लहान. अशी काँक्रीट खाऱ्या हवेला चांगली तोंड देते, पण पाणी नीट न मारल्यास कार्बन लवकर शिरू देते. आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस क्युरिंग हवं, मिश्र सिमेंटला १०, आणि कडक उन्हाळ्यात १४. साइटवर मात्र गोणी कोणतीही असो, तीन-चार दिवसांत पाइप गुंडाळला जातो.

सळईवरच्या काँक्रीटच्या थराचं गणितही सोपं आहे. कार्बनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दहा मिलिमीटरला दहा वर्षं लागली तर वीस मिलिमीटरला चाळीस लागतील. मानकाने सौम्य वातावरणासाठी २० आणि कडक वातावरणासाठी ४५ मिलिमीटरचा थर सांगितला आहे. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा टेकवला आणि काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायाखाली सळया दबून तो थर निम्म्यावर आला, तर चाळीस वर्षांची इमारत दहाव्या वर्षीच दुरुस्तीला येते. आणि दुरुस्तीलाही पुन्हा सिमेंटच लागतं.