गुठळी खरी, गोळी खोटी

2020 च्या उन्हाळ्यात घरोघरच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरला. इटलीच्या डॉक्टरांनी म्हणे जागतिक आरोग्य संघटनेची बंदी झुगारून शवविच्छेदन केलं. कोरोना हा विषाणू नव्हेच, माणसं रक्ताच्या गुठळ्यांनी मरतात. ॲस्पिरिन घ्या, व्हेंटिलेटर हे थोतांड. अशी बंदी नव्हतीच, आणि विषाणूची जनुकीय मांडणी जानेवारीतच जगापुढे आली होती. पण निरोप खोडण्याच्या भरात काही शहाण्यांनी गुठळ्याही अफवेत काढल्या, तिथे माझी हरकत आहे.

गुठळ्या होत्याच. हॅम्बुर्गला 12 मृतांची शवविच्छेदनं झाली, तेव्हा 7 जणांच्या खोल शिरांत गुठळ्या निघाल्या; जिवंतपणी कुणाला संशयही आला नव्हता. चौघांचा जीव तर फुप्फुसात जाऊन अडकलेल्या गुठळीनेच घेतला. या आजारात रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, दाहाने रक्त गोठायला टपलेलं असतं, त्यात रोगी खाटेला खिळलेला. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत तर रक्त जागच्या जागीही गोठतं. गुठळी दाखवून विषाणू नाकारणं म्हणजे जखम दाखवून सुरी नाकारणं.

‘असेल, पण गुठळी आहे ना, मग ॲस्पिरिनने काय बिघडतं?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दिलं. रुग्णालयातल्या सुमारे 15,000 रुग्णांपैकी निम्म्यांना रोज 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. 28 दिवसांत दोन्ही गटांत 17 टक्केच दगावले. मोठा रक्तस्राव मात्र गोळी घेणाऱ्यांत जास्त: 1 टक्क्याऐवजी 1.6.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिन या औषधाची गोष्ट वेगळी, तीही सरसकट नाही. 2021 च्या निष्कर्षांत पूर्ण मात्रेचा फायदा वॉर्डातल्या रुग्णांना झाला. अतिदक्षता विभागात पोचलेल्यांना नाही. वेळ आणि मात्रा ठरवणारा डॉक्टर लागतो तो म्हणूनच.

आपल्याकडे दुसऱ्या लाटेत भलतंच झालं. डी-डायमर या रक्तचाचणीचा आकडा मोबाइलवर आला, की घरचे रक्त पातळ करणाऱ्या औषधासाठी केमिस्टकडे धावत. हा आकडा दाहाने वाढतो, वयाने वाढतो, गरोदरपणातही वाढतो. एकट्या त्याच्यावर गुठळीचं निदान होत नाही. ऑक्सिजन एकाएकी घसरला, छातीत कळ आली, एकच पाय सुजला, तर तातडीने रुग्णालय गाठायचं. तिथे शिरेतून औषध सोडून सीटी अँजिओ करतात. ‘25 पैकी 12 स्कोअर’ म्हणून छातीचा जो साधा एचआरसीटी स्कॅन घरोघर वाचला गेला, त्यात फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी सहसा दिसतच नाही.